तुतीचं फसफसतं पाणी

३ एप्रिल

वही बायकोसाठी आणली होती. नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज सकाळी चार उग्र वासाच्या वस्तू हुंगायच्या, डोळे मिटून त्यांचा वास आठवायचा आणि काय जाणवलं ते लिहून ठेवायचं. हिने लवंग हुंगली, लिंबाची साल हुंगली, कॉफी हुंगली, निलगिरीचं तेल हुंगलं आणि वही माझ्या मांडीवर टाकली.

"तुम्हीच लिहा. रोज 'काही नाही, काही नाही' असंच लिहायचं तर त्याला मी कशाला हवी?"

म्हणून मी लिहितोय. मी फ्रिज दुरुस्त करतो. 'गॅस भरला, दाराचं रबर बदललं' यापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही, तेव्हा जमेल तसं.

हिवाळ्यात हिला ताप आला. साधाच होता, उतरलाही, पण जाताना हिचं नाक घेऊन गेला. वास गेला आणि त्याच्या मागोमाग चव गेली. सुरुवातीला आम्ही चेष्टा केली. मी म्हटलं, आता मी करपवलेलं सूपही तू कौतुकाने पिशील. ही हसली होती तेव्हा.

मग ही कामावर गेली. ही बेकरीत भट्टीवर असते. पाव झाला की नाही, हे ही घड्याळ बघून ठरवत नाही आणि भट्टीचं दार उघडूनही बघत नाही. वासावर सांगते. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पावांची अख्खी खेप कोळसा झाली, आणि ही भट्टीच्या पुढ्यातच उभी होती. मालक भला माणूस, एक शब्द बोलला नाही. तेच हिला लागलं. आता ही मागच्या खोलीत पाव कागदात गुंडाळते आणि भट्टीवर नवा माणूस आलाय. मालक म्हणाले, उन्हाळा संपेपर्यंत बघू, नाहीतर त्यालाच कायम करावं लागेल.

ही आता जेवते म्हणजे पाट्या टाकते. म्हणते, पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं. ब्लाउज सैल झालेत.

६ एप्रिल

लवंग: नाही. लिंबू: नाही. कॉफी: नाही. निलगिरी: डोळ्यांत पाणी आलं. ते तेलामुळे की आणखी कशामुळे, हे मी विचारलं नाही.

११ एप्रिल

आज एक वेगळीच गोष्ट झाली.

कालव्याकडेच्या बंद बर्फाच्या कारखान्यातून बोलावणं होतं. जुनी यंत्रं भंगारात निघणार, त्यातलं काही कामाचं आहे का ते बघायला. मी धंदा शिकलो तो तिथेच. काम उरकून मागच्या दाराने बाहेर पडलो आणि जागीच थांबलो. पूर्वी तिथे नुसता उतार होता, खडी आणि राख टाकायची जागा. आता तिथे तुतीची झाडंच झाडं. कुणी लावलेली नाहीत, पाखरांनीच पेरली असणार. फांद्या काळ्याशार फळांनी लगडलेल्या, खाली जमीन जांभळी, आणि सगळीकडे पाखरांचा असा कालवा की माणसाचं तिथे काही कामच नाही. आम्ही गावभर फिरतोय, आणि इथे भिंतीमागे दर वर्षी एवढं सगळं पिकतंय आणि गळतंय, कुणाला पत्ता नाही! मी बराच वेळ तोंड उघडं टाकून उभा होतो. मग त्याच तोंडात तुती टाकल्या.

आंबट, गोड, आणि मागून ओल्या पानासारखं काहीतरी. खाता खाता हिची आठवण आली. मी एकटाच चव घेतोय याची लाज वाटली.

तरी डबा भरून घरी आणल्या. हिने एक खाल्ली. "मऊ आहे," म्हणाली. बस्स. पण मग एक बोटांत चिरडली, रस बघत राहिली आणि म्हणाली, "ठेवलीत तर उद्या नासतील. मोठी बरणी काढा."

हिने सगळ्या तुती हातांनी कुस्करल्या. साखर, उकळून गार केलेलं पाणी, वरून पातळ फडकं. मी विचारलं, सरबत का? तर म्हणे, "नाही. याला आता काम करू द्यायचं. सालीवर खमीर असतंच. ते जागं होईल."

"कुणी घातलं?"

"कुणी नाही. असतंच."

हिने कित्येक दिवसांत एवढी वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती.

१३ एप्रिल

बरणीत काही नाही. रोज लाकडी चमच्याने ढवळतो. माझं मत विचाराल तर ते सडतंय.

१४ एप्रिल

माझं मत मी परत घेतो.

सकाळी चहाला उठलो तर बरणीत फळांचा थर वर चढलेला आणि त्याच्या कडेने बारीक बारीक बुडबुडे. ढवळलं तर फस्सदिशी फेस वर आला. मी दचकून मागे सरलो. मग कान लावला. आत आवाज होता! बारीक, न थांबणारा, बंद खोलीत माणसं हळू बोलतायत असा. मी हिला ओढत आणलं. हिने कान लावला आणि डोळे मिटून घेतले.

मी आयुष्यभर गॅस भरतोय. सिलिंडर आणायचा, नळी लावायची, दाबाचा काटा बघायचा. गॅस म्हणजे दुकानातून आणायची वस्तू, हे मी धरूनच चाललो होतो. आणि इथे काल झाडावर होती ती फळं, आज स्वतःच गॅस तयार करतायत. काटा नाही, नळी नाही, कॉम्प्रेसर नाही. मी हिला म्हटलं, "अगं, पण हा येतो कुठून?" तर ही म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं पाव खाता. त्यातली भोकं कुणी पाडली असं वाटत होतं तुम्हाला?"

खरं सांगायचं तर मी कधी विचारच केला नव्हता. नवरा भट्टीवालीचा, आणि पावातल्या भोकांकडे बघायला वयाची पन्नाशी उलटावी लागली.

दुकानात उशिरा गेलो. गिऱ्हाईक दारात उभं होतं. त्यालाही सांगितलं. त्याला फ्रिजचं पडलेलं होतं.

१७ एप्रिल

परवा गाळून बाटल्यांत भरलं होतं, ते आज काढलं. (मधले दोन दिवस बाटल्यांत बंद ठेवायचं असतं म्हणजे गॅस आतच मुरतो. हे सगळं हिचं शिकवणं.) झाकण उघडताच फटाक्! रंग असा की खिडकीपुढे धरून बघतच राहावं.

हिने घोट घेतला आणि हात वर केला. "थांबा."

मी बाटली खाली ठेवली.

"टोचतंय," ही म्हणाली. "जिभेला. इथे, इथे, आणि घशात. अहो, टोचतंय!"

मला काय करू आणि काय नको असं झालं. "चव आली? आंबट लागतंय? गोड लागतंय? सांग ना!"

हिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. क्षणभर थांबली. मग म्हणाली, "हो. थोडी थोडी."

थोडी थोडी! डॉक्टरीणबाईंच्या चार वस्तू एकीकडे आणि कालव्यावरची तुती एकीकडे. मला रडूच फुटलं, तर ही माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. आजारी कोण आणि समजूत कोण घालतंय, काही ताळतंत्रच नाही.

२२ एप्रिल

दुसरी खेप. रविवारी दोघं मिळून गेलो. मी चादर धरायची, हिने फांदी हलवायची. टपटप टपटप! ही हसत होती. केसांत तुती, गालावर तुती. एक पक्षी हिच्या हाताएवढ्या अंतरावर बसून फळं खात होता, आमच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. त्याची मालकी, आम्ही पाहुणे. घरी येईपर्यंत दोघांचे हात असे रंगले होते की वाटेत एका बाईने मूल जवळ ओढून घेतलं.

एक गमतीची गोष्ट लिहून ठेवतो. हल्ली ही आधी मला प्यायला लावते. "तुम्ही घ्या आधी." मी घोट घेईपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत असते, मगच स्वतः पिते. लग्नाला इतकी वर्षं झाली, असा मान कधी मिळाला नव्हता. आणि आमच्या आवडी तरी किती जुळाव्यात! मला गोड वाटलं की हिलाही गोड वाटतं. मी तोंड वाकडं केलं की ही लगेच म्हणते, "आज आंबट झालंय, नाही?"

जीभ अगदी अचूक काम करायला लागली आहे.

२५ एप्रिल

बाटल्यांच्या झाकणांकडे आज जरा लक्ष दिलं. जुनी झाकणं म्हणजे निव्वळ चेष्टा, कडेने गॅस निसटतो. माझ्याकडे फ्रिजच्या दाराचं रबर पडलेलं असतंच. त्याच्या चकत्या कापून प्रत्येक झाकणात बसवल्या, वर तारेचा फास. मग नळ्यांची गळती शोधतो तसा साबणाचा फेस लावून प्रत्येक बाटली तपासली. एकही बुडबुडा नाही. माझ्या हातून गळती सुटली असं कुणी म्हणून दाखवावं.

ही म्हणाली, "रोज एकदा झाकण सैल करायला लागेल हं. जास्तीचा गॅस जाऊ द्यायचा."

मी हो म्हटलं. पण गॅस सोडून द्यायचा म्हणजे माझ्या हाताला नको वाटतं. जन्मभर ज्याच्यामागे फेस घेऊन धावलो, त्याला आपल्या हाताने वाट करून द्यायची? तरी करतो. रोज नाही, पण करतो.

२८ एप्रिल

संध्याकाळी लेकीचा फोन. ती नोकरीच्या गावी असते. मी सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईला खरंच चव येतेय?"

"येतेय म्हणजे! माझ्यापेक्षा चांगली येतेय."

"मग काल मी विचारलं तर विषय का बदलला तिने?"

मी म्हटलं, तुझ्या आईला नजर लागण्याची भीती वाटत असेल. लेक नुसतं "बरं" म्हणाली. हल्लीच्या मुलांना चांगल्या बातमीवर विश्वासच ठेवता येत नाही.

२ मे

आज मी हिला न सांगता एक मोठं काम केलं. बेकरीत गेलो, मालकांना एक बाटली दिली आणि सांगून टाकलं की हिची चव परत आली आहे, वासही येईलच, आता हिला पाव गुंडाळायला लावू नका. मालक खूश झाले. म्हणाले, मग सोमवारपासून भट्टीवर उभी राहू दे, नव्या माणसाला मी सांगतो.

घरी येऊन हिला बातमी दिली. ही खुर्चीत बसली. पांढरीफटक पडली.

"का सांगितलंत?"

मी म्हटलं, "अगं, आनंदाने माणूस असा घाबरतो का?"

ही उठून आत गेली. रात्री जेवलीही नाही. आनंद फार झाला की भूक मरते म्हणतात.

३ मे

हे कसं लिहू?

मागच्या खेपेतलं थोडं बरणीतच राहिलं होतं, फडक्याखाली, माझ्या लक्षातून गेलेलं. आज दुपारी तेच पेल्यात ओतलं. हिच्या हातात पेला दिला आणि माझा फोन वाजला, म्हणून मी खिडकीकडे वळलो. मागून हिचा आवाज आला, "वा! आजचं सगळ्यात छान. केवढं टोचतंय! आणि गोडही अगदी बेताचं."

मी फोन ठेवला. माझा पेला उचलला, घोट घेतला, आणि मोरीत जाऊन थुंकलो. ते पाणी राहिलंच नव्हतं. शिरका झाला होता. नाकातून मेंदूत जाईल असा कडक, जहाल शिरका.

वळलो तर ही दारात उभी. हातातला पेला अर्धा रिकामा.

"तुला काही लागत नाही," मी म्हटलं.

"नाही."

"कधीच लागलं नव्हतं."

"टोचायचं. ते खरं होतं." मग म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी रडलात. मग मला खोटं मागे घेता येईना."

म्हणजे मला आधी प्यायला लावायची ते माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायला! मी तिच्या जिभेचं कौतुक करत होतो आणि ती माझा चेहरा वाचत होती. मला इतका राग आला की काय बोललो ते इथे लिहीत नाही. राग तिच्यावर होता की माझ्यावरच, तेही धड कळत नव्हतं. कारण खोटं तिने घरात सांगितलं, आणि बेकरीत जाऊन ते पक्कं मी केलं.

मी म्हटलं, मी मालकांना सांगतो. ही म्हणाली, "नको. आता तुम्ही कुठेही जाऊ नका."

४ मे

ही सकाळी एकटीच गेली, मालकांना खरं सांगितलं आणि दिवसभर पाव गुंडाळून आली. पायातल्या चपला नीट जोडून ठेवल्या. मला ते बघवेना.

८ मे

घरात अबोला. लवंग, लिंबू, कॉफी सगळं बंद. बाटल्यांची पेटी स्वयंपाकघरात चुलीशेजारी पडून आहे. तिच्याकडे बघावंसंही वाटत नाही. तुतीही संपत आल्या असतील. असू देत.

१० मे

डॉक्टरीणबाईंकडे एकटाच जाऊन आलो. त्यांना म्हटलं, मला मूर्ख म्हणा, पण ते टोचणं काय होतं? त्या म्हणाल्या, टोचणं, झोंबणं, गार लागणं यांची नस निराळी, वासाची निराळी. मूर्ख कशाला म्हणू, रोज पिऊ द्या, आनंदाने पीत असेल तर पिऊ द्याच. आणि वासाचं असं की तो येतो तेव्हा दार वाजवून येत नाही, कधी कधी माणसालाही कळत नाही.

शेवटचं मला फारसं कळलं नाही. समजूत घालायला बोलल्या असतील.

१२ मे

ही उगाच माझ्यावर ओरडली. टॉवेल कुबट झालाय म्हणे, धुवायला का टाकत नाही. परवाच तर काढला होता. राग कशावर आणि निघतोय कशावर! मी गुपचूप टॉवेल भिजवला.

१४ मे

आज माझा कामाचा शर्ट दोरीवर, तोही बाहेर. का विचारलं तर तोंडातल्या तोंडात, "घरात नको तो." आता माझे कपडेही हिला घरात नकोत. इतकं झालंय. दुकानात दिवसभर लक्ष लागलं नाही, एका फ्रिजचं रबर उलटं बसवलं.

१७ मे

घाईत लिहितोय, अक्षर वाकडं येईल.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. ही न्हाणीघरात केस धूत होती. एकदम स्वयंपाकघरात धडाम्! आणि लगेच आणखी एक. मला वाटलं सिलिंडर गेला. धावत गेलो. बाटल्या फुटल्या होत्या. पेटीच्या फळ्या उचकटलेल्या, काचा सगळीकडे, आणि तुतीचं पाणी छतापर्यंत उडालेलं. छतावरून ठिबकत होतं. भिंत, चूल, खिडकी, सगळं जांभळं. चुलीशेजारी, या उन्हाळ्यात, दोन आठवडे कुणी झाकण सैल केलेलं नव्हतं. एवढ्याशा फळांनी जाड काच फोडली! मी तशातही ते बघत उभा राहिलो. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी असा दाब बघितला नव्हता.

न्हाणीघराच्या बंद दाराआडून हिचा आवाज आला. "शी! काय हा वास! आंबूस नुसता! झाकणं सैल केली नव्हतीत ना?"

"रोज करत होतो!" मी म्हटलं. खोटंच.

"काही करत नव्हतात. फ्रिजचं रबर लावून ठेवलंत, दुसरं काय होणार?"

"रबराला नाव ठेवू नकोस. रबर जागचं हललं नाही. काच फुटली."

"बाटली फुटली तरी चालेल पण गळता कामा नये, होय ना? अहो, खिडकी उघडा आधी! खमिराचा असा भपकारा येतोय, भट्टीतसुद्धा येत नाही एवढा. आणि ते साबण घालून पुसू नका, दोन्ही वास मिसळले की डोकं उठेल."

"मग कशाने पुसू?"

"नुसत्या पाण्याने. तुतीचा वास चांगला आहे, तो राहिला तर राहू दे. ते आंबलेलं तेवढं..."

आणि आवाज थांबला.

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. छतावरून थेंब पडत होते. न्हाणीघराचं दार उघडलं. ही उभी होती, केसांतून पाणी निथळतंय, अर्ध्या डोक्याला फेस तसाच. स्वयंपाकघर अजून तिने बघितलेलंसुद्धा नव्हतं.

"मी काय म्हणाले?" हिने विचारलं.

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

ही काचांची पर्वा न करता आत यायला लागली, मी ओरडून थांबवलं, चपला दिल्या. हिने भिंतीवरचा रस बोटावर घेतला आणि नाकाशी नेला. डोळे मिटले. मी तिचा चेहरा बघत होतो, या वेळी मी बघत होतो. आधी काही नाही. मग ओठ थरथरले. "ओल्या पानांचा," ही हळूच म्हणाली. "मागे ओल्या पानांचा वास आहे, आंबटाच्या मागे. तुम्हालाही येतो?"

मी नुसती मान हलवली.

मग ही घरभर फिरली. उशी हुंगली. साबण हुंगला. पेपर हुंगला. कॉफीचा डबा उघडला आणि चटकन बंद केला, "ही रबर जळल्यासारखी येतेय, ही अजून बरोबर नाही." लवंगेचा नाहीच आला. कधी अर्धा, कधी चुकीचा, कधी मधेच जायचा आणि मग ही जागच्या जागी थांबून त्याची वाट बघायची. दोरीवरचा माझा शर्ट काढून आणला आणि त्यात तोंड खुपसलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टॉवेल खरोखरच कुबट होता! शर्टाला खरोखरच यंत्राच्या तेलाचा वास येत होता! वास आठवडाभर घरात येऊन बसला होता आणि आम्ही दोघं फुरंगटून एकमेकांवर चिडत होतो.

ही शर्टात तोंड घालून बराच वेळ तशीच उभी राहिली. खांदे हलत होते. मी विचारलं, काय झालं? मानेनेच "काही नाही" म्हणाली.

छत अजून पुसलेलं नाही. बघतोय त्याच्याकडे.

२५ मे

आठवडाभर हिने कुणाला काही सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. मी तोंडाला कुलूप घातलं होतं. रोज सकाळी ही बेकरीत जायची, पाव गुंडाळायची, आणि मागच्या खोलीतूनच भट्टीचा वास घेत मनातल्या मनात म्हणायची, आता काढायला हवा. मग नवा माणूस दार उघडायचा तेव्हा आपण बरोबर होतो का, ते बघायची. आधी चुकायची. मग कमी चुकायची. काल एकदाही चुकली नाही.

आज हिने मालकांना सांगितलं. मालक मागच्या अनुभवाने शहाणे झालेले, म्हणाले, एक खेप माझ्यासमोर कर. मी दुकान बंद ठेवून तिथे गेलो होतो. आत गेलो नाही, रस्त्यावरून काचेतून बघत होतो. ही भट्टीपुढे उभी राहिली, दार बंद, हात मागे बांधलेले, डोळे मिटलेले. नवा माणूस दाराच्या मुठीवर हात ठेवून. मालक घड्याळ बघत. हिचे ओठ हलले, "अजून नाही" असं म्हणाली असावी. मालकांनी घड्याळावरून मान वर केली. पुन्हा, "अजून नाही." मी काचेला नाक लावलं. मग हिने डोळे उघडले आणि मान हलवली.

दार उघडलं. पाव बाहेर आले. त्यांचा रंग मला काचेतून दिसला आणि वास तर रस्त्यावर आला. रस्त्यावरून जाणारी माणसं मान वळवून बघत होती. मालकांनी एक पाव उचलला, खालून टिचकी मारून बघितली आणि तो नव्या माणसाच्या हातात दिला. नव्या माणसाने तो उलटसुलट करून पाहिला, मग काही न बोलता बाजूला सरला आणि हिला जागा करून दिली.

परत येताना आम्ही चालत आलो. मी पाव, खमीर, तुती, भोकं यांवर अखंड बोलत होतो. कसं झालं असेल, आतल्या नसा पुन्हा कशा फुटल्या असतील, कुणाला हे कळतं तरी का! कालव्याच्या पुलावर आल्यावर ही म्हणाली, "त्या दिवशी शर्ट घेऊन रडले ना, ते तुम्ही विचारलंत."

"हं."

"तुम्हाला वास आहे."

"तेलाचा ना? साबण बदलतो."

"तेलाचा नाही. त्याच्याखाली एक आहे. तुमचा. लग्न झालं तेव्हापासून येतो." ही पाण्याकडे बघत बोलत होती. "भट्टी गेली ते सगळ्यांना कळलं. पण तापानंतर तुम्ही शेजारी झोपायचात आणि अंधारात मला कळायचंच नाही कोण आहे. हात लावून बघायचे. तुम्ही घरात असून आलेलेच नव्हतात, इतके महिने. हे कुणाला सांगणार?"

मला माझा वास कधी आलेला नाही. मला तो आहे हेही माहीत नव्हतं. पन्नाशी ओलांडली आणि आपण दुसऱ्याच्या नाकात एवढी वर्षं राहत होतो हे आज कळलं.

ही जवळ सरकली, आणि आम्ही घरी आलो.